वसंताची खेळाची पेटी

वसंता ट्रॅक्टरवरून उतरला की आधी सीटमागं हात घालतो. तिथं उसाच्या पाचटात गुंडाळून ठेवलेली एक पत्र्याची पेटी असते. ती जागेवर आहे आणि तिची कडी नीट बसलेली आहे, एवढं बघूनच तो चाकाखाली दगड लावतो आणि नंबर घ्यायला आमच्या खिडकीकडं येतो. खरं तर क्रम उलटा हवा. उसानं भरलेल्या ट्रॉल्या मागं असताना दगड आधी लागला पाहिजे. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "चाक जाऊन जाऊन कुठं जाईल सायेब, पुढं रांग उभी हाय."

मी जालना जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहे. बी.कॉम. झाल्यावर लागलो तो इथंच, आणि आता निवृत्तीही इथूनच होईल. ऊस घेऊन आलेल्या वाहनांना नंबर देणं, रांग राखणं आणि रांगेवरून होणाऱ्या तक्रारी मिटवणं हे माझ्याकडचं काम. इतक्या वर्षांत किती ड्रायव्हर खिडकीसमोरून गेले. बहुतेकांचे चेहरे लक्षात आहेत, नावं नाहीत. वसंताचं मात्र सगळं लक्षात राहील.

बाहेरच्या माणसाला यार्डाची रीत माहीत नसते, म्हणून सांगतो. ऊस तोडून ट्रॉलीत भरला म्हणजे ड्रायव्हरचं काम संपत नाही, अर्धं तर पुढंच असतं. कारखान्यात आला की नंबर घ्यायचा आणि थांबायचं. ऊस रिकामा करायच्या जागेला गव्हाण म्हणतात. गव्हाण सुरळीत चालली तर रांग सरकते, काही बिघडलं तर आख्खा दिवस जागीच. भोंग्यावर नंबर पुकारला की ट्रॅक्टर चालू करून पुढं घ्यायचा. जो हलला नाही, त्याचा नंबर रांगेच्या शेवटाला जातो. तोवर ट्रॉलीतला ऊस उन्हात वाळतो आणि वजन कमी भरतं. म्हणून ड्रायव्हर गाडी सोडून लांब जात नाहीत. गाडीखाली झोपतात, भाकरी खातात, मोबाईल बघतात. आणि काही जण फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीमागं पत्त्यांना बसतात. तिथं पैसे लावून तिर्रट चालतो.

वसंताचा थोरला भाऊ कडूबा तिथला रोजचा गडी होता.

हे दोघं राजूरजवळच्या एका गावचे. घरी कापूस, मका, थोडी मिरची. वडील लवकर गेले. कडूबानं शाळा सोडून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर काम धरलं आणि वसंताला बारावीपर्यंत शिकवलं. ट्रॅक्टरही त्यानंच शिकवला, मडगार्डवर बसवून. पुढं दोघांनी आपापले ट्रॅक्टर घेतले आणि दर हंगामाला ऊस वाहतुकीसाठी आमच्याकडं येऊ लागले. दिवाळी झाली की घर सोडायचं ते गुढीपाडव्याच्या आसपास परत जायचं. मधले महिने मुक्काम उसाच्या फडाशेजारी, तोडणीच्या टोळीबरोबर, नाही तर आमच्या यार्डात.

कडूबा अंगानं धिप्पाड, बोलायला मोकळा. त्याच्या आसपास नेहमी माणसं असत. वसंता बारीक, आणि भावापुढं तर आवाजच नसल्यासारखा. भाऊ खाटेवर असला तर हा खाली बसणार. भाऊ बोलत असला तर हा ऐकणार. मी एकदा म्हणालो की तू शिकलेला, तू भावाला चार शब्द का सांगत नाहीस. तो म्हणाला, "आमच्यात थोरल्याला शिकवायची रीत न्हाई सायेब. त्यानं मला उभं केलं. मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू?"

सांगण्यासारखं मात्र बरंच होतं. गेल्याच्या गेल्या हंगामाला कडूबा दोन ट्रॉल्या घेऊन आला होता, आणि पाडव्याला एकच ट्रॉली घेऊन गावी गेला. दुसरी, पत्त्यांवर बसणाऱ्या एकाच्या ट्रॅक्टरमागं गेली. त्याची बायको द्वारकाबाई भांडली नाही. अंगणात ती ट्रॉली जिथं उभी राहायची, तेवढ्या जागेत तिनं वाफा केला आणि मेथी लावली. कडूबा रोज दात घासताना ती मेथी बघायचा.

पुढचा हंगाम जवळ आला तेव्हा तिनं दिराला बाजूला घेतलं. एक गेली, आता एकच उरली, असं ती म्हणाली. ती घेऊन तुमचे दादा परत आले नाहीत तर मी वाटूरला भावाकडं निघून जाईन आणि परत येणार नाही. त्यांना हे सांगू नका, तुम्ही फक्त ध्यान ठेवा. वसंतानं मान हलवली. हे त्यानं मला पुढं बऱ्याच दिवसांनी सांगितलं, पण पेटीची गोष्ट इथून सुरू होते. भावाला बस म्हणायचं नाही, ऊठ म्हणायचं नाही, आणि तरी त्याला पत्त्यांवरून उठवायचं. असं काम त्याच्या अंगावर आलं होतं.

पहिला उपाय साधा होता. वसंतानं जालन्याच्या बाजारातून तळहाताएवढा एक व्हिडिओ गेम आणला. बटणं दाबायची, छोट्याशा पडद्यावर गाड्या पळतात. कडूबानं तो हातात घेतला, दोन वेळा खेळला आणि परत दिला.

"हे तर एकट्यानं जेवल्यासारखं झालं," तो म्हणाला आणि टपरीकडं निघून गेला.

दुसरा कोणी असता तर वैतागला असता. वसंता त्या वाक्यावर विचार करत राहिला. मग तो दोन-तीन दुपारी टपरीमागं जाऊन उभा राहिला. पत्ते बघायला नव्हे, भावाला बघायला. त्याच्या लक्षात आलं की डाव जिंकला तरी दादाचा चेहरा फारसा बदलत नाही. तो खुलतो तो वेगळ्याच वेळी. लांबून दिसला की कोणी तरी 'या कडूबाशेठ' म्हणतं आणि सरकून जागा करतं, तेव्हा. अर्धा चहा बशीत ओतून कोणी पुढं करतं, तेव्हा. टोमणा मारतात आणि तो उलटा मारतो, तेव्हा.

"दादाला पत्ते लागत न्हाईत सायेब," तो मला म्हणाला. "बैठक लागती."

मग त्यानं नव्या वस्तूच्या अटी ठरवल्या. ती एकट्याची नको. दोघांनी खेळायची आणि बाकीच्यांनी भोवती बसून बघायची हवी. लाईट नसली तरी चालली पाहिजे, कारण फडात लाईट नसते. ट्रॅक्टरवर आदळआपट होते आणि यार्डात पाचटाची धूळ उडते, ती तिला सोसली पाहिजे. दादाचे पाय टपरीकडं वळायच्या आत मांडून झाली पाहिजे, आणि नंबर पुकारला की लगेच मिटली पाहिजे. एवढ्या नीट अटी मी मोठमोठ्या खरेदीच्या टिपणातही पाहिल्या नाहीत.

पडद्यासाठी तो जालन्यातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांतून फिरला. त्याला बॅटरीवर, बारा व्होल्टवर चालणारा पडदा हवा होता. एका दुकानदारानं विचारलं, ट्रॅक्टरमध्ये टीव्ही लावून राह्यला का. वसंता हो म्हणाला, कारण समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. तिथंच बंद पडलेल्या कुठल्याशा नेट कॅफेतला एक पडदा मिळाला. खेळांसाठी पेनड्राईव्हसारखी दिसणारी एक काडी घेतली, तिच्यात जुने खेळ भरलेले असतात आणि बिनवायरचे दोन रिमोट बरोबर येतात. ती काडी चालवायला गाडीतला मोबाईलचा चार्जर पुरतो.

पेटी घरचीच, त्याच्या शाळेच्या दिवसांतली. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यानं पडदा बसवला, मागं ट्यूबचं रबर घालून. झाकण उघडलं की पडदा समोर उभा. खाली रिमोट, काडी, छोटा स्पीकर आणि वायरी, प्रत्येकाला वेगळा कप्पा. कप्प्यांना जुन्या वाकळीचे तुकडे चिकटवले, म्हणजे धक्क्यानं काही फुटायचं नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावायला दोन चिमटे.

फडात पहिल्यांदा उघडली तेव्हा एक चूक उघडी पडली. उन्हात पडद्यावर काहीच दिसेना. वसंतानं मग एक जुनी छत्री उसवली आणि तिचं काळं कापड तिच्याच काड्यांवर ताणून झाकणाला टोपडं केलं. आता दिसू लागलं, पण टोपड्याच्या आत डोकं घातलं तरच. बघणाऱ्यांना डोक्याला डोकं लावून बसावं लागे. कोणाचा खांदा कोणाच्या पाठीला, कोणाची कोपर कोणाच्या बरगडीत. ही अडचण आहे असं वसंताला वाटलं होतं. कडूबाला तेच आवडलं.

मी खिडकीतून बघायचो. रांग थांबली की वसंता पेटी काढून चिमटे लावायचा, आणि थोड्या वेळात तिथं पाठींचा एक गोल दिसायचा. परतूरकडचा माऊली नावाचा एक वयस्कर ड्रायव्हर त्या गोलात कायम असे. त्याला स्वतःला खेळण्यापेक्षा दुसऱ्याला टोचून बोलण्यात रस. कडूबा मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायचा आणि जन्मभराच्या सवयीनं प्रत्येक वळणावर गाडी हळू करायचा. सगळ्या गाड्या पुढं निघून जायच्या.

"कडूबाशेठ, मागं ऊस न्हाई," माऊली म्हणायचा. "पळवा आता."

पुढं त्यांना रणगाड्यांचा एक खेळ सापडला. दोघांनी दोन रणगाडे चालवायचे आणि खाली मध्यभागी असलेलं एक ठाणं राखायचं. चहूकडून शत्रूचे रणगाडे येतात. ठाणं उडालं की दोघंही हरले. भाऊ-भाऊ हा खेळ तासन्‌तास खेळत. त्यात मला एक गोष्ट दिसली. एरवी भावापुढं तोंड न उघडणारा वसंता खेळताना सारखा बोलत असे. दादा मागं बघा, दादा तिकडं जाऊ नका, दादा सरका. आणि कडूबा त्याचं ऐकत असे.

डिसेंबर असा गेला. टपरीमागच्या बैठकीत कडूबा दिसेनासा झाला.

मग जानेवारीतली एक दुपार आली. गव्हाणीत बिघाड होऊन रांग सकाळपासून थांबलेली होती. त्या दिवशी वसंताचा ट्रॅक्टर फार मागं होता, कडूबाचा पुढं, म्हणून चिमटे कडूबाच्या बॅटरीला लावले होते. इंजिन बंद आणि पेटी चालू. किती वेळ ते चाललं हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. दुपारनंतर गव्हाण एकदम सुरू झाली, रांग भराभर सरकली आणि भोंग्यावर कडूबाचा नंबर आला. तो रिमोट टाकून उठला, सीटवर चढला, किल्ली फिरवली. नुसतं टक्‌ झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्‌. बॅटरी उतरली होती.

भरलेली ट्रॉली मागं असताना ट्रॅक्टर ढकलून चालू होत नाही. दुसऱ्याची बॅटरी आणून जोडेपर्यंत मागच्या सगळ्या गाड्या अडकून पडल्या, हॉर्न सुरू झाले आणि कडूबाचा नंबर गेला. रांगेच्या शेवटाला. मागच्या गाडीवरून एक जण ओरडला, "पत्त्यावर बसत व्हता तवा ट्रॅक्टर तरी चालू व्हायचा."

सगळे हसले. खांद्यावरचा रुमाल काढून कडूबानं झटकला, परत खांद्यावर टाकला आणि फाटकाबाहेर गेला.

तक्रार माझ्याकडं आली आणि मी नियम केला. रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही वाहनाच्या बॅटरीवरून दुसरं काहीही चालवायचं नाही. नियम बरोबर होता, आजही मी तोच करीन. रांग एकाची नसते. वसंतानं फलकावरची सूचना वाचली आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "बराबर हाय सायेब." सवलत मागितली नाही. पेटी पाचटात गुंडाळली गेली ती तशीच राहिली.

कडूबा परत टपरीमागं बसू लागला. वसंता एकदा तिथं गेला आणि त्याच्या मागं उभा राहिला. कडूबानं वळून विचारलं, चहा घेतो का. वसंतानं उभ्या उभ्या चहा घेतला आणि परत आला. एवढंच त्याला जमलं. पण तिथून येताना त्यानं एक वाक्य ऐकलं होतं. पत्ते पिसणारा माणूस कडूबाला सहज म्हणाला होता, "तुमच्या ट्रॉलीचे टायर नवेच दिसून राह्यले."

त्या वाक्यानं तो घाबरला. ट्रॉलीचे टायर कोण कशासाठी बघतं हे त्याला कळत होतं. त्यानं गावी फोन लावला आणि वहिनीला आहे तसं सांगितलं. दादा पुन्हा बसायला लागले. पेटी चालवायला वेगळी बॅटरी पाहिजे. तसली बॅटरी आपल्या घरात एकच आहे.

"पंपाची का?" द्वारकाबाईनं विचारलं.

फवारणीचा पंप तिचा होता. पाठीवर घ्यायचा, बॅटरीवर चालणारा. नवरा आणि दीर हंगामाला गेल्यावर शेत तीच बघायची, आणि एरवीही कापसावरची फवारणी तिचीच. पंप तिनं मिरचीच्या तोडणीला जाऊन स्वतः घेतला होता. शेजारी मागायला आले तरी ती देत नसे. वसंताला तो पहिल्यापासून आठवत होता. पण मागायचं धाडस झालं नव्हतं, म्हणून ट्रॅक्टरला चिमटे लावायची वेळ आली. एवढं विचारून तिनं फोन ठेवला.

एखाद्या टेम्पोवाल्याबरोबर ती पंप पाठवू शकली असती. ती स्वतः आली. राजूरहून एसटीनं जालना, तिथून दुसऱ्या गाडीनं आमच्या फाट्यापर्यंत. कंडक्टरनं औषधाच्या वासाची शंका काढली तेव्हा तिनं टाकीचं झाकण उघडून त्याच्या नाकाशी धरलं. टाकी तिनं धुऊन वाळवून आणली होती. फाट्यावर उतरल्यावर मात्र हातात धरायचा कंटाळा आला म्हणून तिनं पंप सवयीनं पाठीवर घेतला, आणि पदर खोचून कारखान्याची वाट धरली.

फाटकाकडं यायची वाट टपरीवरूनच जाते. तिनं बैठकीत बसलेला नवरा पाहिला. त्यानं तिला पाहिलं. ती थांबली नाही. फाटकावरच्या वॉचमननं कोणाकडं जायचंय विचारलं, तर नवऱ्याचं नाव घेत नाही म्हणून ती म्हणाली, वसंताची भावजय.

यार्डात फवारणीचा पंप पाठीवर घेतलेली बाई कोणी पाहिली नव्हती. माणसं उठून बघू लागली.

"वैनी, कोणाला फवारायचं?" माऊलीनं विचारलं.

"अळी दिसली की सांगते," ती म्हणाली आणि चालत राहिली.

वसंताच्या ट्रॅक्टरपाशी तिनं पंप उतरवला. त्यानं बुडाची झाकणी उघडली, आतल्या बॅटरीच्या वायरी बाहेर घेतल्या आणि पेटीच्या चिमट्यांना जोडल्या. पडदा उजळला. टाकी लावलेला पंप तसाच शेजारी उभा होता. मी खिडकीतून बघत होतो, आणि नियम मी केला असल्यामुळं उठून बाहेरही गेलो. ट्रॅक्टरपासून पेटीपर्यंत एकही वायर नव्हती. नियमाप्रमाणं सगळं ठीक होतं, तरी मी तिथंच उभा राहिलो.

वसंताला वाटलं होतं की आता वहिनी दादाला बोलवायला पाठवील. तिनं पदर सावरला, पेटीसमोर मांडी घातली आणि विचारलं, "कसं खेळत्यात हे?"

त्यानं रणगाड्यांचा खेळ लावला, एक रिमोट तिच्या हातात दिला आणि बटणं सांगितली. पहिल्याच डावात तिनं स्वतःचं ठाणं उडवलं. माऊली गदागदा हसला आणि म्हणाला, वैनी, घर आपलंच व्हतं. दुसऱ्या डावात ती थोडी टिकली. चौथ्या-पाचव्या डावापर्यंत तिचं बोट बसलं. पाठींचा गोल परत जमला, टोपड्यात डोकी घुसली. तिच्या भोवती मात्र माणसांनी थोडी जागा सोडलेली होती.

थोड्या वेळानं कडूबा आला. गोलाच्या बाहेर उभा राहिला. टपरीमागं तो दिसला की जागा होत असे. इथं कोणी सरकलं नाही. माऊलीनं त्याला पाहिलं आणि पुन्हा टोपड्यात डोकं घातलं. वसंतानं पडद्यावरून नजर काढली नाही. कडूबा धिप्पाड, त्याला उभ्यानंही माणसांच्या डोक्यांवरून पडदा दिसत होता. द्वारकाबाईचा रणगाडा वरच्या बाजूला गुंतला होता, आणि शत्रूचा एक रणगाडा खालून ठाण्याकडं सरकत होता. वसंताला तो दिसत होता. एरवी तो ओरडला असता. त्या दिवशी तो ओरडला नाही.

कडूबाला राहवलं नाही. "मागून येऊन राह्यला," तो म्हणाला. "मागं बघ."

तिनं रणगाडा वळवला, गोळी झाडली. शत्रूचा रणगाडा फुटला. मान वर न करता ती म्हणाली, "बघितलं. तुम्ही नंबर लावा. माऊलीच्या मागं."

हशा झाला. कडूबा ऐकून घेत उभा राहिला, मग त्यालाही हसू आलं. तो माऊलीच्या मागं जाऊन खाली बसला. रांगेत नंबर शेवटाला गेला म्हणून जो माणूस उठून गेला होता, तोच इथं गुडघ्यावर हात ठेवून आपल्या नंबराची वाट बघू लागला. तेवढ्यात टपरीकडून एक पोरगेला ड्रायव्हर त्याला बोलवायला आला. पत्ते वाटून झालेत, म्हणाला, तुमच्यासाठी थांबलेत.

कडूबानं त्याच्याकडं पाहिलं, मग समोरच्या माऊलीच्या पाठीकडं.

"माझा नंबर हाय इथं," तो म्हणाला.

द्वारकाबाई त्याच दुपारच्या गाडीनं परत गेली. पंप ठेवून गेली. निघताना नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं की पेरणी झाली की मला हा पंप लागतो. ट्रॉलीचं नाव तिनं काढलं नाही. कडूबा तिला फाट्यापर्यंत सोडायला गेला. दोघांत काय बोलणं झालं ते वसंतानं विचारलं नाही, त्यामुळं मलाही माहीत नाही.

यानंतर सगळं सरळ झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. कडूबा मधे दोनदा टपरीमागं जाऊन बसला. एकदा वसंताच्या गाडीत बिघाड होऊन पेटी फडातच राहिली होती तेव्हा, आणि एकदा काही कारण नसताना. दोन्ही वेळा तो आपणहून उठून आला.

एक अडचण तर कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. पंपाची बॅटरी रोज चार्ज करावी लागे, आणि ड्रायव्हरला चार्जिंगला परवानगी असलेली लाईट जवळपास एकाच ठिकाणी होती, त्या चहाच्या टपरीवर. पहिल्या दिवशी वसंता पंप उचलायला वाकला, तर कडूबा म्हणाला, आण इकडं, मी नेतो. तेव्हापासून रोज सकाळी कडूबा पंप पाठीवर टाकून टपरीवर जायचा, वायर लावायचा, आणि दुपारी पुन्हा जाऊन घेऊन यायचा. दोन्ही वेळा पत्त्यांच्या बैठकीला घासून. तो परत येईपर्यंत वसंता ट्रॅक्टरला टेकून फाटकाकडं बघत उभा असे. मी त्याला म्हणालो, एवढा जीव टांगणीला लागतो तर तू का नाही जात?

"दादा म्हणले मी नेतो," तो म्हणाला. "मंग दादानंच न्यायचं."

चार्जिंगसाठी आमच्या कार्यालयातला प्लग द्यावा असं एकदा मनात आलं होतं. मग दिला नाही. कडूबाला त्या टपरीवरून रोज परत येऊ द्यावं, हेच बरं वाटलं.

मार्चअखेर गळीत हंगाम संपत आला. शेवटच्या दिवशी यार्डात मोजक्याच गाड्या होत्या. दोघा भावांच्या शेवटच्या खेपा होत्या. पेटी उघडलेली, पंप शेजारी. भोंग्यावर कडूबाचा नंबर आला तेव्हा त्याचा डाव ऐन रंगात होता. त्यानं रिमोट माऊलीच्या हातात दिला, ठाणं सांभाळ म्हणाला आणि उठला. किल्ली फिरवताच ट्रॅक्टर चालू झाला. वसंतानं इतका मोठा श्वास सोडला की माऊलीनं त्याच्याकडं वळून पाहिलं.

गाड्या रिकाम्या झाल्यावर दोघं हिशेबाच्या कागदांसाठी खिडकीशी आले. पुढच्या हंगामाला मी इथं नसेन असं मी त्यांना सांगितलं. कडूबा म्हणाला, मग राजूरला गणपतीच्या दर्शनाला या, गाव तिथून जवळच हाय, घरी चला. मी येतो म्हणालो.

निघायच्या आधी वसंतानं तिथंच खिडकीपाशी उभं राहून वहिनीला फोन लावला. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं.

"पंप निघाला का?" तिनं विचारलं.

"निघाला."

"कशात ठेवला?"

"दादाच्या ट्रॉलीत. बराबर बांधलाय."

"दादाच्या ट्रॉलीत?" तिनं पुन्हा विचारलं. वसंता हो म्हणाला.

"मंग सावकाश या," ती म्हणाली.